मदत हवी आहे: पंखावरची हवा जास्त वेगाने का जाते?

मंडळी, भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा हात द्या. पुतणीला विमान कसं उडतं ते समजावताना गाडी पंखापाशी अडली आहे.

सर्रास मिळणारं उत्तर असं: पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला पल्ला लांब. खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोचायचं तर तिला जोरात धावावं लागतं. वेग वाढला की बर्नुलीच्या नियमाने दाब घटतो आणि पंख वर उचलला जातो. ऐकायला झकास! पण दोघींनी एकाच वेळी पोचावं असा नियम आहे कुठे? वातबोगद्यात धुराच्या रेषा सोडल्या की वरची हवा चक्क आधी पोचलेली दिसते. शिवाय कसरतीची विमानं उलटी उडतात, त्यांचे पंख बरेचदा दोन्हीकडून सारखेच फुगीर असतात.

न्यूटनचा तिसरा नियम पटतो: पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंखाला सोडते, उचल एकदम घटते, म्हणजे स्टॉल. इथवर ठीक.

अडतं ते पुढे. वरची हवा पंखाच्या उताराला धरून खाली वळते, ती का? सरळ निघून का जात नाही? आणि आधी काय, कमी दाब की वाढलेला वेग? की बर्नुली आणि न्यूटन हे एकाच गोष्टीचे दोन हिशेब आहेत?

थोडं गणित चालेल, पण पुतणी नववीत आहे हे ध्यानात असू द्या.