घरून लेखनकामं घ्यायची आहेत, पण दरही जमेना आणि वेळही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कोथरूडला राहतो. एका मासिकात आठ वर्षं संपादन आणि मुद्रितशोधन केलं. मासिक बंद पडलं तेव्हा लेक दीड वर्षाची होती. बायकोची नोकरी हिंजवडीला, सकाळी साडेसातला बस, परतायला आठ (पावसाळ्यात वाकडच्या पुलाची मर्जी). मग मीच घरी थांबलो. आता लेक चारची आहे, बालवाडी नऊ ते बारा. नेणं-आणणं आणि स्वयंपाक वजा जाता सलग दोन तास हाती उरतात.

मार्चपासून कामं शोधतोय. एका वेबसाइटने 'नमुना' म्हणून तीन लेख फुकट लिहून घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. पंधरा दिवसांनी त्यातला एक तिथेच जसाच्या तसा दिसला, माझं नाव गायब. दुसरं काम पाककृतींच्या भाषांतराचं, शब्दाला पंचवीस पैसे. मशीनने केलेलं 'फक्त सुधारायचं' होतं. "कांद्याला मंद आचेवर घाम आणा" हे कसं सुधारणार? सगळं मुळापासून लिहिलं.

तिसरं काम मात्र मनापासून आवडलंय. सोसायटीतल्या एका आजोबांच्या आठवणींचं शब्दांकन. मानधनाचं ते म्हणाले, "तुम्हीच सांगा." तीन आठवडे झाले, माझ्या तोंडून आकडा निघत नाही.

तर शब्दांकनाचे पैसे पानावर लावतात की तासावर? फुकट नमुना न देता काम कसं मिळवायचं? आणि घरात लहान मूल असलेली माणसं नक्की लिहितात कधी? 'पहाटे उठा' कृपया सांगू नका. मी उठलो की तीही उठते.

जुना खिळा:
नमुना मागणाऱ्याला मासिकातलं छापील काम दाखवा. अंक घरात असतीलच. तरी नवं हवं असेल तर दोनशे शब्द, तेही पैसे घेऊन.

त्या लेखाचं सोडू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. तुम्ही त्यांचे नोकर नव्हतात, सही केली नसेल तर हक्क तुमचेच. मेल करा आणि सोबत सरळ बिल जोडा. मला असं करून एकदा पैसे मिळाले, एकदा त्यांनी नुसता लेख काढून टाकला.

अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना मात्र फोन करू नका, प्रत्यक्ष जा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली जुनी फाइल आजच्या युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. ती पकडणारा डोळा तुमच्याकडे आहे, तोच विका. दिवाळी अंकांची प्रुफं पावसाळ्यातच सुरू होतात.

दोन पोरांची आई:
पानावर मुळीच लावू नका हो! तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला मला चार तास लागतात, त्याची रचना लावणं वेगळं. सगळे तास मोजून एकच रक्कम सांगा आणि तीन हप्ते पाडा: सुरुवातीला, कच्चा खर्डा दिल्यावर, शेवटी. दुरुस्त्या दोनदाच, छपाई तुमच्याकडे नाही, हेही लिहून द्या. नाहीतर शेवटच्या आठवड्यात पुतणे-भाचे आपापला परिच्छेद घेऊन उगवतात.

वेळेचं म्हणाल तर बालवाडीच्या दोन तासांत फक्त लिहायचं. मेल, बिलं, फोन तेव्हा बंद. ती कामं मूल शेजारी चित्रं काढत असतानाही होतात. रेकॉर्डिंग मी भाजी निवडताना ऐकते.

कंपनीने १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका, कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. सेवांना जीएसटीची नोंदणी साधारण वर्षाला २० लाखांच्या वर लागते. ती काळजी आपल्या दोघांना लवकर लागो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल आकडा सांगून टाकला. आजोबांनी पहिल्या हप्त्याचा चेक लगेच लिहिला, फक्त सोमवार-गुरुवार नको म्हणाले, फिजिओथेरपी असते. लेकीला घेऊन आलो तरी चालेल म्हणतात. पण ती तिथे चकल्या खाते आणि रेकॉर्डिंगमध्ये १९६१च्या पानशेतच्या पुरापेक्षा चकलीच जास्त ऐकू येते. मोबाइलला जोडता येईल असा, शर्टाला लावायचा स्वस्त माइक कुणी वापरलाय का?