फिलिप दुसरा : एवढी चांदी येऊन चार वेळा दिवाळं कसं निघालं?

जुनीवही :
सध्या स्पेनच्या फिलिप दुसऱ्याबद्दल वाचतोय (राज्य १५५६ ते १५९८) आणि डोकं गरगरायला लागलंय. दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या खाणीतली चांदी जहाजं भरभरून येतेय, १५७१ ला ग्रीसजवळ लेपांटोच्या समुद्री लढाईत तुर्की आरमाराचा पार धुव्वा, १५८० ला अख्खं पोर्तुगाल खिशात, म्हणजे गोवा, वसई, चौल पण त्याच्याच नावावर. आणि तरी १५५७, १५६०, १५७५, १५९६ असं चार वेळा सरकारी दिवाळं! माणूस कर्तबगार होता की नुसता बापाच्या पुण्याईवर तरला?

उधारखाते :
बापाच्या पुण्याईचं म्हणाल तर बापाने कर्जाचा डोंगर ठेवला होता, गादीवर बसून वर्ष होतंय तोच पहिलं दिवाळं 😄 आणि चांदी सगळी त्याची नव्हती हो, राजाचा हिस्सा साधारण पाचवा, बाकी व्यापाऱ्यांची. खरा भार कॅस्टीलच्या (म्हणजे स्पेनच्या मुख्य राज्याच्या) करदात्यांवर. जहाज बंदराला लागायच्या आधीच त्यातली चांदी इटलीतल्या जिनोआच्या सावकारांकडे गहाण पडलेली असायची. दिवाळं म्हणजे तिजोरीत खडखडाट असं नाही, चढ्या व्याजाची थोड्या मुदतीची कर्जं थांबवायची आणि सावकाराच्या गळ्यात कमी व्याजाचे लांब मुदतीचे रोखे मारायचे. सावकार बोंबलायचे आणि परत कर्ज द्यायचे.

पण १५७५ चं प्रकरण अंगाशी आलं. पैसे थांबले, नेदरलँड्समध्ये (तेही त्याच्याच राज्यात, तिथे बंड चालू होतं) असलेल्या फौजेचा पगार आधीच तुंबलेला, तो आणखी तुंबला, आणि नोव्हेंबर १५७६ ला त्याच सैनिकांनी अँटवर्प लुटलं. युरोपातलं सगळ्यात श्रीमंत बंदर, हजारो माणसं मारली, घरं जाळली. चारच दिवसांत तिथल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रांतांनी मिळून स्पॅनिश फौज हाकलायचा करार केला. जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते त्यांना यानेच एकत्र आणलं!

शेरेबहाद्दर :
+१. माझ्या मते त्याचं दुखणं पैशापेक्षा कागद. माद्रिदजवळच्या एस्कोरियल या आपल्या राजवाड्यात टेबलाशी बसून रात्री उशिरापर्यंत स्वतः सगळं वाचणार, समासात शेरे मारणार, आणि निर्णय मात्र लटकत. कुणावर विश्वासच नाही.

आर्माडाचंच बघा, म्हणजे इंग्लंडवर स्वारीला पाठवलेलं आरमार. १५८८ च्या फेब्रुवारीत अनुभवी सेनापती सांताक्रूझ वारला, त्याच्या जागी मेदिना सिदोनियाचा ड्यूक. त्याने बिचाऱ्याने स्पष्ट लिहून कळवलं की मला दर्यावरचा अनुभव नाही, मला बोट लागते, दुसरा कुणी बघा. तरी पाठवलाच. १३० च्या आसपास जहाजं, आणि प्लॅन असा की नेदरलँड्समधला त्याचा सेनापती पार्मा, त्याचं सैन्य फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) किनाऱ्यावरून घ्यायचं आणि इंग्लंडला उतरवायचं. तिथे पाणी उथळ, मोठी जहाजं जवळ जाऊ शकत नाहीत, पार्माच्या सपाट होड्या बाहेर आल्या तर बंडखोर डचांची जहाजं टपलेली. म्हणजे भेट व्हायची कुठे? याचं उत्तर त्या एवढ्या कागदांत कुठेच नव्हतं.

खारेवारे :
थोडं थांबा. आर्माडा बुडालं म्हणजे स्पेन संपलं ही इंग्रजांनी लावलेली टेप आहे. त्याने आरमार परत उभं केलं, १५९६ आणि १५९७ ला पुन्हा पाठवलं, दोन्ही वेळा वादळाने घात केला. आणि लेपांटोचं पण उगाच कौतुक, सायप्रस तुर्कांकडेच राहिलं, १५७४ ला ट्युनिसही गेलं. त्याचं खरं यश पोर्तुगाल. फौज नेली, पण नंतर तिथले कायदे, अधिकारी, वसाहती सगळं त्यांचं त्यांच्याकडे ठेवलं. हाच शहाणपणा नेदरलँड्सला दाखवला असता तर? तिथे बंड मोडायला आल्बाच्या ड्यूकला, आपल्या कडक सेनापतीला, पाठवून मुंडकी उडवत बसला.

जुनीवही :
धन्यवाद मंडळी, रोख्यांची भानगड आत्ता कळली. पोर्तुगालवरून आठवलं, तिथे असताना त्याने मुलींना पाठवलेली पत्रं आहेत, त्यात धाकट्यांच्या दातांची चौकशी आणि नाइटिंगेल पक्ष्यांचं गाणं ऐकायला मिळत नाही म्हणून हळहळ. आल्बाला पाठवणारा तो हाच, हे पचायला वेळ लागतोय.