ठाण्याहून बसने जाता येण्याजोगी पायवाट कोणती?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. स्वतःचे वाहन नाही. वडिलांना सोबत घेऊन एका दिवसात परतता येईल आणि जिथे सार्वजनिक बसने पोहोचता येईल, अशी वाट कृपया सुचवावी.

उत्तर १ : येऊर सर्वांत जवळचे, ठाणे स्थानकाकडून परिवहनची बस मिळते. मात्र हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत असल्याने वनखात्याची परवानगी नसलेल्या वाटांवर शिरू नये.

उत्तर २ : माझ्या मते कर्नाळा (पक्षी अभयारण्य आणि त्यातला गड) अधिक समाधान देईल. लोकलने पनवेल गाठून तेथील एसटी स्थानकातून पेणकडे जाणारी साधी गाडी पकडावी आणि अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी उतरण्याबद्दल वाहकाला आधीच सांगून ठेवावे, कारण वेगात असलेली गाडी तिथे थांबेलच असे नाही. चढ दाट झाडीतून जातो, त्यामुळे ऊन फारसे लागत नाही. शेवटचा टप्पा मात्र खडा आहे. माथ्यावरील अंगठ्यासारख्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर किंवा गोंगाट अजिबात करू नये. (अत्तरही घरीच ठेवावे.)

उत्तर ३ : वडिलांचे गुडघे दुखत असतील, तर गडाचा आग्रह सोडून खालच्या निसर्गवाटांवरच पक्षी पाहावेत. परतीच्या गाडीसाठी अंधार पडण्यापूर्वी महामार्गावर यावे.