पद्मिनी ८८: रात्रीत कार्बोरेटर गळतो, मेकॅनिक म्हणतो दुसराच टाका. काय करू?

लालबागची_पद्मिनी
नमस्कार मंडळी. बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी, पेट्रोल, वर सोलेक्स कार्बोरेटर. बाबा गेल्यावर दोन वर्षं कव्हरखाली होती. गणपतीच्या आधी हौसेने सुरू करून घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी एकच रड. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा, कार्बोरेटर खालून ओला आणि जमिनीवर तळहाताएवढा डाग. चालू गाडीत मात्र काहीच गळताना दिसत नाही. सकाळी सेल्फ मारून मारून जीव जातो, मग सुरू होते, काळा धूर सोडते आणि दहा मिनिटांनी शहाण्यासारखी चालते.

जवळच्या मेकॅनिकने दोनदा खोलून साफ केला, वरचं पॅकिंग बदललं, त्यावर काळं सिलिकॉनही लावलं. आता म्हणतो बॉडीच गेली, टॅक्सीतून काढलेला दुसरा टाकून देतो, साडेचार हजार. टाकू का? की कार्बोरेटरचा खरा जाणकार कुणी सुचवाल? (पार्किंगचं रडगाणं वेगळंच आहे. नवीन पोडियम झाल्यापासून आमची 'जुनी गाडी' म्हणून रॅम्पवर.)

मुलुंड_माधव
ताई, सल्ला नंतर, आधी हे. सकाळी वास आला तर सेल्फ अजिबात मारू नका. बॉनेट उघडून ठेवा, पेट्रोल उडून जाऊ द्या, ओलं पुसून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुन्या गाड्यांत आग अनेकदा अशीच लागते: वर पेट्रोल, शेजारी प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, खाली तापलेला एक्झॉस्ट. ड्राय पावडरवाला छोटा एक्स्टिंग्विशर गाडीत ठेवा. डिकीत नको, हाताशी.

जुगाडू_ठाणेकर
एमसील लावा ना चारी बाजूंनी. माझ्या बजाजला लावलं होतं, दोन वर्षं चाललं.

कुर्ला_सीएसटी_रोड
@जुगाडू, स्कूटरचं स्कूटरला. पेट्रोल झिरपत असलेल्या जागेवर एमसील धरत नाही, आणि उद्या खोलायची वेळ आली की छिन्नी घेऊन बसा. सिलिकॉन त्याहून वाईट. पेट्रोलमध्ये ते फुगतं, त्याच्या काळ्या शेवया सुटतात आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, जाऊन बसतात.

ताई, टॅक्सीतला कार्बोरेटर घेऊ नका. बऱ्याच टॅक्स्या शेवटची कित्येक वर्षं सीएनजीवर होत्या. त्यांच्या कार्बोरेटरात पेट्रोल क्वचितच गेलं, आतलं रबर वाळून कडक झालेलं असतं. दिसायला चकचकीत, लावला की आठ दिवसांत रडारड. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हापासून असा माल भरपूर फिरतोय. आमच्या कुर्ल्यात बनलेली गाडी, तिचे सुटे भाग आता कुर्ल्यातच भंगारात शोधावे लागतात, काय बोलायचं.

जुना_फिटर
मुली, कोण चांगला ते मागाहून सांगतो. आधी तीन गोष्टी सांग. एक, रॅम्पवर गाडीचं तोंड कुठे असतं, वर की खाली? दोन, टाकी किती भरलेली असते? तीन, ऑइलची डिपस्टिक काढ, लेव्हल बघ आणि नाकाशी धर.

लालबागची_पद्मिनी
काका, तोंड खाली. उलटी लावली तर वॉचमन ओरडतो. टाकी तुडुंब, कारण मेकॅनिकने सांगितलं होतं की रिकामी ठेवली तर गंजेल. आणि डिपस्टिक... ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे. मी तर भरलंच नव्हतं! वासही पेट्रोलचाच येतोय. आता आठवलं, मागच्या रविवारी दादरला सपाट रस्त्यावर रात्रभर होती, तेव्हा डाग नव्हता.

जुना_फिटर
मग बॉडी गेली नाही. तुझा कार्बोरेटर गळत नाही, भरून वाहतोय. आणि एक लक्षात ठेव, ऑइल बदलल्याशिवाय आता इंजिन सुरू करायचं नाही. पेट्रोल पडलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, बेअरिंग खातं.

आता कारण ऐक. पद्मिनीची टाकी मागे, कार्बोरेटर पुढे. सपाट जागी गाडी बंद केली की एसी पंपही (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) बंद, पेट्रोल पुढे यायला कारणच नाही. फार तर कार्बोरेटरच्या वाटीत असेल तेवढंच गळेल. तुझी गाडी नाक खाली करून उभी, टाकी भरलेली, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा उंचावर. पाण्याच्या पिंपातून नळीने पाणी काढतो तसं ते आपोआप खाली येतं. पंपाचे व्हॉल्व पेट्रोल मागे जाऊ देत नाहीत, पुढे मात्र मोकळं सोडतात. म्हणजे त्याला अडवणारा पूर्ण रस्त्यात एकच शिपाई, कार्बोरेटरच्या तोंडातला नीडल व्हॉल्व. तो नीट बसत नसेल तर वाटी भरते, थोडं बाहेर टपकतं आणि बाकीचं मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारी वाट) सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलच्या चेंबरमध्ये. सकाळचा काळा धूर तोच. आणि सिलिंडर भरलेला असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग साडेचार हजारांत काय होणार?

दिवसा कळत नाही कारण इंजिन ते पेट्रोल पिऊन टाकतं. तरी चालू गाडी थोडं जास्त पिते का बघ, ॲव्हरेज पडलं असेल.

काम असं कर किंवा समोर उभी राहून करून घे. वरचं झाकण काढ. नीडल व्हॉल्व झाकणातच बसलेला असतो. काढून त्यातल्या सुईचं, म्हणजे पिनचं, टोक उजेडात धर, भिंगाखाली बघ. टोकाला गोल खाच पडली असेल तर पिन गेली. नवीन घेताना जुन्यावर कोरलेला आकडा बघून तोच माग. मोठ्या भोकाचा दिला तर परत हीच गत. खाली जो वॉशर असतो तो जपून. सोलेक्समध्ये फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारी डबी, ती वर आली की पिन बंद होते) लेव्हल त्याच्याच जाडीने ठरते. जुन्या जाडीचाच घाल, दोन घातले तर वाटीत पेट्रोल कमी येईल आणि चढावर गाडी मरेल.

बसवल्यावर झाकण उलटं धरून पेट्रोलच्या नळीत तोंडाने हळू फुंक, पिनला एक बोट अलगद टेकवून. हवा गेली तर व्हॉल्व बसत नाही.

फ्लोट पितळेचा. कानाशी हलव, आत 'चुळूक' वाजलं तर तो भोक पडून भरलाय. बाहेर, गॅसपासून लांब, गरम पाण्यात बुडव, भोकातून बुडबुडे येतील. भोकाला डाग (सोल्डर) द्यायचा मोह टाळ. आत एक थेंब पेट्रोल राहिलं तर तो फुटतो, आणि नीट डाग दिला तरी वजन वाढून लेव्हल बिघडते. झाकणाचा पृष्ठभाग काचेवर ठेवून बघ, डोलतोय का. मेकॅनिक कंपनीपेक्षा जास्त जोर लावून स्क्रू आवळतात, मग कान वाकतात. डोलत असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घास. आणि ते सिलिकॉन नखाने, लाकडी काडीने काढ, जेटमध्ये तार घालू नकोस.

आज रात्रीपासून गाडी नाक वर करून लाव. वॉचमनला चहा पाज.

दहिसरचा_राजू
काकांनी सगळं सांगितलंच. फक्त टाकीचं झाकण बघा, हवा जायचं भोक बंद असेल तर उन्हात टाकीत दाब चढतो आणि तोच प्रकार होतो. आणि रबराच्या नळ्या बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या नळ्या त्यात फुगतात, आतून भुगा सुटतो. दुकानात 'एसएई जे३० आर९' छापलेली नळी मागा, साधी काळी नको. दोन टोकांना नवीन जुबली क्लिप.

लालबागची_पद्मिनी
काका, खोलला! ऑइल काढलं तर अक्षरशः पाण्यासारखं, चमच्यावरून धारच लागत होती. मेकॅनिकच्या हातून नव्हे, सोसायटीतल्या एका आजोबांच्या मदतीने खोलला. त्यांच्याकडेही पूर्वी फियाट होती. भिंगाखाली पिनच्या टोकावर खाच अगदी स्पष्ट, नखाला लागते. आणि पिन जिथे बसते त्या सीटच्या आत केसासारखी काळी शेवई. सिलिकॉन! फ्लोट वाजत नाही, ठीक आहे. झाकण काचेवर थोडंसं डोललं, घासून घेतलं.

ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. तिसऱ्या दुकानात तोच आकडा मिळाला, वॉशर आणि पॅकिंगसकट. म्हाताऱ्या दुकानदाराने पिन हातात घेऊन आधी उजेडात धरली, मग विचारलं, 'रॅम्पवर लावता का?' मी थक्क! कुर्ल्याचे मित्र, तुमच्यामुळे साडेचार हजार वाचले. नळ्या आर९ घातल्या. टाकी आता अर्धीच ठेवते.

तीन सकाळी पुठ्ठा ठेवून पाहिला, सुका. चौथ्या दिवशी मुद्दाम नाक खाली करून लावली (वॉचमन खूश), तरी सुका. फक्त थ्रॉटलच्या दांडीपाशी बारीक ओल येते, खूप नाही, बोटाला लागेल इतपत. हे काय?

जुना_फिटर
दांडीची बुशं (ती ज्यात फिरते त्या कड्या) झिजली असणार. पुढे हवाही तिथून खेचली जाते, मग आयडलिंग वरखाली होतं. घाईचं नाही, पण लेथवाल्याकडून बुश मारून घे. कार्बोरेटर काढून त्याच्याकडे ने, गाडी नेऊ नकोस. दांडी लेथवर चढवायच्या आधी बटरफ्लायचे (दांडीवरची हवेची चकती) दोन स्क्रू बघ, मागच्या बाजूने चेपलेले असतात. जोर लावून काढले तर तुटतील. त्यालाच काढू दे, आणि परत बसवताना नवीन स्क्रू घालायला सांग. सुटा झाला तर थेट इंजिनात जातो.

लालबागची_पद्मिनी
दिवाळीनंतर नेते. तोवर वॉचमनचा चहा सुरूच राहील, आता तो 'ताई, नाक वर की खाली?' विचारूनच गेट उघडतो.