"मला चढलेली नाही" या सांगण्यावर किती विसंबावे?

प्रश्न : जुळे सोलापूर
माझे धाकटे दीर अधूनमधून मित्रांसोबत पुणे रस्त्यावरच्या ढाब्यावर बसायला जातात आणि परतताना गाडी स्वतःच चालवतात. घरी येतात तेव्हा बोलणे स्पष्ट असते, तोल जात नाही, बिलात कोणाचे किती निघाले हेही बिनचूक सांगतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, "वहिनी, बाकीच्यांना चढली होती, मला नाही." ते खोटे बोलतात असे मला वाटत नाही. परंतु पिणाऱ्याला स्वतःची नशा किती झाली आहे हे खरोखर कळते का?

होटगी रोड
ताई, ते खोटे बोलत नाहीत आणि काळजीचे कारण नेमके हेच आहे. मद्याचा परिणाम ज्या क्षमतांवर लवकर होतो त्यांत सारासार विचार आणि स्वतःवर लक्ष ठेवण्याची शक्ती येते. जीभ जड होणे, झोकांड्या जाणे हे पुष्कळ नंतरचे. नेहमी पिणाऱ्यांमध्ये तर सवयीमुळे तीही लक्षणे झाकली जातात, त्यामुळे स्पष्ट बोलणे हा पुरावा धरता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण चढत असताना माणसाला नशा जास्त जाणवते आणि तेच प्रमाण उतरतीला लागल्यावर कमी जाणवते. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये या फरकाकडे लक्ष वेधले. "आता उतरली" असे वाटून माणूस किल्ली हातात घेतो, तेव्हा अचानक ब्रेक मारण्याची वेळ आली तर लागणारी चपळाई परतलेली नसते.

अक्कलकोट रस्ता
"बाकीच्यांना चढली होती" हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी रात्री रस्त्यावर भेटलेल्या पिणाऱ्यांची श्वासतपासणी करून त्यांना स्वतःच्या नशेबद्दल विचारले होते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक स्वतःचा अंदाज बांधताना आजूबाजूच्या लोकांशी तुलना करतात, त्यामुळे भोवती अधिक प्यायलेले असले की आपण बेताचेच प्यायलो असे वाटते, हे त्यातून दिसले. टेबलावरचे चौघेही भरपूर प्यायलेले असतील, तर त्यांतला सर्वांत कमी प्यायलेला मनुष्य स्वतःला शुद्धीत समजणारच. आपल्याकडे अशा वेळी गाडी त्याच्याच हाती दिली जाते.

विजापूर रोड
मी थोडा हिशेब मांडतो. आपल्याकडील व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलीच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम येतो. "एकच बिअर घेतली" म्हणणाऱ्याने चार लहान पेग घेतलेले असतात, आणि हे त्याच्या गावीही नसते. सत्तर किलोच्या पुरुषाने एवढे लवकर संपवले, तर रक्तातील प्रमाण १०० मिलीमागे ८० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. पोटात जेवण असेल तर काहीसे कमी. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

जुळे सोलापूर
आपणा सर्वांचे आभार. दीर निघण्यापूर्वी लिंबू सरबत किंवा कडक कॉफी घेतात. त्याचा काही उपयोग होतो का?

होटगी रोड
कॉफीने झोप उडते, मद्य उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने, १०० मिली रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, ते कमी करते आणि लिंबू, ताक किंवा गार पाण्याने ही गती वाढत नाही. वर सांगितलेल्या ८० वरून ३० वर यायलाच तीन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून दिरांना आल्यावर "चढली का?" असे विचारू नका. ते घरून निघतानाच, पहिला घोट घेण्याआधी, परत येताना गाडी कोण चालवणार हे विचारा, आणि त्या माणसाने त्या रात्री अजिबात घ्यायची नाही असे ठरवून घ्या. त्या वेळचे त्यांचे उत्तर विश्वासाने घेता येईल.