उल्हासनगर आणि जॉर्डन एकाच डिझर्टेशनमध्ये बसतील का?

कलिनाची_कटिंग:
नमस्कार मंडळी, एमए सोशॉलॉजी दुसरं वर्ष, कलिना कॅम्पस. विषय घेतलाय वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या निर्वासितांचा, म्हणजे युएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) हिशोबात एकाच देशाचे किमान २५,००० लोक सलग ५ वर्षं परक्या देशात असले तर ते यात मोडतात, आणि अशी माणसं नातेवाईक-ओळखीपाळखीच्या जोरावर कशी हलतात ते बघायचंय. मी म्हटलं उल्हासनगर घेते, तर गाईड मॅडम म्हणाल्या नुसतं उल्हासनगर नको, तुलना कर आणि आधी ट्राफिग वाच. वाचतेय. २०१९ ला सुरू झालेला, याच विषयावरचा युरोपियन प्रोजेक्ट, त्यात काँगो, टांझानिया, इथिओपिया, जॉर्डन, पाकिस्तान पासून थेट ग्रीस, इटली, जर्मनीपर्यंत फिल्डवर्क. भारी आहे, पण १९४७ चे सिंधी आणि आत्ताचे सिरियन एका तराजूत कसे तोलू? मार्चात सबमिशन, डोकं चालेनासं झालंय.

कॅम्प_चारवाला:
आमचे आजोबा कराचीहून बोटीने आले नि कल्याण कॅम्पात पडले, महायुद्धातल्या मिलिटरीच्या बॅरेकी त्या, उल्हासनगर हे नाव १९४९ चं. एका बॅरेकीत कितीतरी कुटुंबं आणि मधे गोणपाटाचे पडदे, शेजारच्याचा खोकला आपलाच वाटायचा असं आजी सांगते. ती पापड लाटायची, आजोबा पत्र्याचा डबा घेऊन कल्याणपर्यंत चालत जायचे आणि लोकलमध्ये विकायचे. लोकांना वाटतं सगळ्या सिंध्यांचे काका हाँगकाँगला. अहो ते सिंधमधल्या हैदराबादचे सिंधवर्की व्यापारी, त्यांच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधीपासून जपानपासून जिब्राल्टरपर्यंत होत्या. आमचं तिकडे कुण्णी नव्हतं, मूळजी जेठा मार्केटात एक शिकारपुरी ओळखीचा निघाला, त्याने उधारीवर दोन तागे दिले, तिथून गाडी सुरू. तेव्हा नेटवर्क नेटवर्क म्हणताना कोणाचं ते आधी विचारा.

रिटायर्ड_मास्तर:
तुलना जरूर कर बाळा, पण कॅम्पाशी कॅम्प लावू नकोस, फसशील. जॉर्डनमध्ये सिरियन निर्वासितांचा झातारी कॅम्प जुलै २०१२ ला उघडला, फोटो त्याचेच दिसतात, पण जॉर्डनमधले साधारण ८० टक्के सिरियन कॅम्पाबाहेर शहरांत, गावांत भाड्याने राहतात. आणि झातारीतून बाहेर पडायला परवाना लागतो. उल्हासनगरच्या माणसाला लोकलमध्ये फार तर तिकीट विचारलं असेल, परवाना नाही, कारण तो या देशाचा नागरिक होता. खरा फरक हा आहे. इथिओपियाचं उदाहरण बघ, २०१० मध्ये त्यांनी एरिट्रियन लोकांना कॅम्पाबाहेर राहायची मुभा दिली, पण पोटापाण्याची सोय स्वतःची हवी नाहीतर जबाबदारी घेणारा कुणी आपला माणूस हवा. म्हणजे ज्याचं कुणीच नाही तो कॅम्पातच, कागद आणि नातं एकमेकांत असं अडकलेलं असतं. युरोपात डब्लिनचा नियम, ज्या देशात पहिल्यांदा बोटांचे ठसे दिलेस साधारण तिथेच आश्रयाचा अर्ज, मग भाऊ हॅम्बुर्गला असला तरी तू इटलीत बस.

पाटणकर_लालबाग:
थोडं विषयाबाहेर, पण आमची गोष्ट कोयनेची. सीमा ओलांडली नाही म्हणून कुणी निर्वासित म्हणत नाही, कागदावर धरणग्रस्त. धरणाने गाव उठलं, काहींना रायगडात जमीन, काहींना ठाण्याकडे, एकाच भावकीची चार ठिकाणी पांगापांग. पण गिरणीत आणि माथाडीत आमची माणसं आधीपासून मुंबईत होतीच, गावकीची एक खोली होती, पाळीपाळीने झोपायचे. गंमत म्हणजे गाव पाण्यात गेल्यावर अख्खं गाव एकत्र भेटायचं ते फक्त त्या खोलीत. लग्नं तिथे जमली, रायगडातल्या सातबाऱ्याची भांडणंही तिथेच झाली. हे पण घ्या ताई.

कलिनाची_कटिंग:
मास्तर, आत्ता कुठे पेटली ट्यूब! देशाशी देश लावायचाच नाही, कोणाला हलता आलं आणि कोणाच्या जिवावर, तेवढंच धरते. कोयना एका चॅप्टरात बसवायला मॅडमना पटवावं लागेल, त्या लगेच स्कोप स्कोप करतात. कॅम्प चारवाले दादा, आजी बोलतील का माझ्याशी? रविवारी येते, मेगाब्लॉक नसला तर.

कॅम्प_चारवाला:
ये ना. आजी सिंधीतच बोलते, मी मधे बसेन. विठ्ठलवाडीला उतर, उल्हासनगरला नको. आणि जेवून येऊ नकोस, ती ऐकणार नाही.