शाळा बघून मुलगी विचारते, "त्याने पत्ता का नाही काढला?" काय उत्तर देऊ?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी लाईट गेली नाही (आमच्याकडे ही बातमीच आहे) म्हणून मोठ्या मुलीला बसवून शाळा पिक्चर दाखवला, सुजय डहाकेचा, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, २०१२ ला आला होता तो. तेव्हा आम्ही जळगावला थेटरात बघितला होता. हीच पोरगी वर्षाची होती, इंटरवलनंतर रडायला लागली म्हणून अर्धा पिक्चर मी तिला खांद्यावर टाकून दरवाजाजवळ उभं राहून पाहिला. आता ती स्वतः नववीत आहे, जोशी आणि शिरोडकर ज्या वर्गात आहेत त्याच. म्हटलं बघू हिला काय वाटतं.

तर पिक्चर संपला, शिरोडकर गाव सोडून गेलेली, जोशी दहावीत चाललाय, मी आपला चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसतोय आणि ही म्हणते, "संपला? मग तो तिला शोधत का नाही पप्पा?" म्हटलं अगं १९७५ साल आहे, आणीबाणीचं, तेव्हा फोन होते का कुणाकडे. तर म्हणे, "फोन नव्हता पण पोस्टमन होता ना. तिच्या मैत्रिणीला पत्ता विचारायचा. वर्षभर मागे लागायला वेळ आहे आणि एक पत्ता काढायला नाही?"

मला काही सुचेना. स्वयंपाकघरातून बायको हसली ते वेगळंच. जोशी भित्रा होता का? की वयच तेवढं? की शेवट हळवा करायचा म्हणून तसं ठेवलंय? तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा, पोरगी रोज विचारतेय आणि मी रोज केळीच्या भावाचा विषय काढतोय.

भुसावळ_जंक्शन

रावेरवाले भाऊ, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही विचारा. आमच्याकडे एखादी मुलगी दिसेनाशी झाली म्हणजे तिच्या वडिलांची बदली झाली, दुसरं कारणच नसायचं. मे महिना, पारा ४५ च्या घरात, क्वार्टरसमोर ट्रक लागायचा. कूलर सगळ्यात शेवटी चढायचा कारण शेवटच्या रात्रीपर्यंत त्याच्याशिवाय झोप नाही, आणि कूलर चढला की समजायचं आता गेले. मी आठवीत असताना पाण्याच्या टाकीखाली उभा राहून एक कूलर असाच चढताना पाहिलाय. त्यातली वाळ्याची ताटी ओली होती अजून, ट्रकच्या फाळक्यावरून पाणी ठिबकत होतं. इटारसीला चालले की नागपूरला हे पण मी विचारलं नाही. विचारणार कुणाला, तिच्या भावाला? तो आमच्या टीमचा फास्ट बॉलर.

आणि आता शिव्या घाला पण खरं सांगतो, त्याच क्वार्टरमध्ये जूनला नवीन लोक आले, त्यांनाही एक मुलगी होती आणि पोळ्यापर्यंत आमचं सगळं लक्ष तिकडे. म्हणून मला तो शेवट पटतो. पिक्चरवाले रडवायचं म्हणून शेवटी पोराला धावत स्टेशनवर नेतात, आम्ही स्टेशनातच राहायचो तरी कुणी गेलं नाही.

बाप्पू_धुळेकर

भाऊ तुन्ही पोर बराबर बोलनी, पन तिले म्हना आधी सुऱ्यानं काय व्हयनं ते देख.

(बरं बाकीचं मराठीत लिहितो, मागच्या वेळेला अहिराणीत लिहिलं तर एकाने विचारलं ही गुजराती आहे का.)

त्या पिक्चरमध्ये ज्याने तोंडाने सांगितलं तो सुऱ्या. केवडाला सांगितलं, तिने तक्रार केली, हेडमास्तरने कसा फोडला पोराला. जोशी हे सगळं बघतोय ना? मग त्याच्यात पत्ता विचारायची ताकद येईल कुठून. आमच्या वेळेला तर नुसतं वहीच्या मागच्या पानावर बदाम काढला म्हणून सरांनी प्रार्थनेच्या वेळेला अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतं, बदाम पण नीट आला नव्हता, वांग्यासारखा दिसत होता.

आणि समजा काढला पत्ता, मग पुढं? पुढचा पिक्चर पण आहे आपल्याकडे, २९ एप्रिल २०१६ ला आला, सैराट. त्यातल्या दोघांनी सगळं केलं, पत्ता बित्ता सोडा, पळून गेले, संसार थाटला, पोरगं झालं. शेवटी ते लहान लेकरू बाहेर येतं तेव्हा थेटरात आमच्या मागच्या रांगेतला शिट्ट्या मारणारा गडी तोंडात रुमाल धरून बसला होता. नववीच्या पोरीला तो लगेच दाखवू नका. पण जोशीला भित्रा म्हणणाऱ्यांनी दोन्ही लागोपाठ बघावेत असं माझं मत.

पीजे_पॅसेंजर

पत्त्याचं काय घेऊन बसलात. मला पत्ता माहीत होता.

पाचोरा-जामनेर गाडी, आमची पीजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ५६ किलोमीटरची नॅरोगेज, डबे इतके अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. मी अकरावी बारावीला पहूरला चढायचो पाचोऱ्याच्या कॉलेजसाठी. ती शेंदुर्णीला चढायची. मी खिडकीजवळ बसायचो आणि शेजारी दप्तर ठेवायचो. पहूरपासून शेंदुर्णीपर्यंत किती म्हाताऱ्या माणसांनी मला त्या दप्तरावरून बोल लावले असतील. शेंदुर्णी आली की दप्तर मांडीवर, ती बसायची. दोन वर्षांत बोलणं किती, तर "गाडी लेट आहे का" आणि एकदा "थँक्यू". एकदा वरखेडीला गाडी तासभर उभी राहिली, इंजिनाचं काहीतरी, सगळे खाली उतरून बोरं खात बसले, आम्ही दोघं डब्यातच. तो तास आयुष्यातला सगळ्यात मोठा तास असेल. मी खिडकीच्या गजाचा गंज नखाने खरवडत होतो, पाचोऱ्याला उतरलो तेव्हा शर्टाची बाही लाल.

बारावीची परीक्षा झाली, ती यायची बंद. शेंदुर्णी काय मुंबई आहे का, घर कुठलं, वडील काय करतात, बैलजोडीचा रंग कोणता, सगळं पाठ होतं. सायकलवर पाऊण तास. गेलो नाही. तर रावेरकर, तुमच्या मुलीला सांगा पत्ता असून नसून काही फरक पडत नाही.

गाडी पण गेली. करोनात मार्च २०२० ला बंद पडली ती परत सुरू झालीच नाही, आता म्हणे ब्रॉडगेज होणार.

माई_अमळनेर

मी सहसा नुसतं वाचते, पण हा सिनेमा माझ्याच वर्गाचा आहे. १९७५-७६ ला मी नववीत होते, अमळनेरला. १९७५ ला जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या जागी दहावीची पहिली बॅच बसली होती, त्यामुळे आमच्या वेळेला दहावी म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं आणि घरोघर नुसता धसका. सिनेमात आणीबाणी आहे ती तशीच होती, सारखी समोर नसायची. आमचे एक सर दिवाळीनंतर आलेच नाहीत. आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी माझ्या भूगोलाच्या वहीत एक चिठ्ठी निघाली. हिरव्या शाईच्या चार ओळी, खाली नाव नाही. अक्षर कुणाचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वही वडिलांनी खाकी कव्हर घालायला घेतली होती. वडील ओरडले नाहीत हो. चिठ्ठी बाजूला ठेवली, कव्हर पूर्ण घातलं, बोटाची खळ धोतराला पुसली आणि आईला म्हणाले, हिला जूनपासून दोंडाईच्याला मामांकडे ठेवू, तिकडचे शिक्षक चांगले आहेत. झालं. वर्गात कुणाला सांगून यायचा प्रश्नच नव्हता.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. त्या चिठ्ठीवाल्याने पत्ता काढला असता आणि दोंडाईच्याला एक निळं आंतरदेशीय पाठवलं असतं, तर मामा ते आधी वाचणार, त्याच उन्हाळ्यात माझा मांडव पडला असता. दहावी, डी.एड., पुढची ३१ वर्षांची नोकरी, काहीच झालं नसतं. मी वर्षभर पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली की हातातलं काम टाकून ओसरीवर पळायची. आलंच तर मामांच्या आधी माझ्या हाती पडावं म्हणून. (आणि आता या वयात खोटं कशाला बोलू, यावं असंही वाटायचं.)

सुनेबरोबर पाहिला मी सिनेमा. ती मुलगी गेली हे कळलं तेव्हा सून हळहळली. मला मात्र वाटत होतं, पोरी तुला नवीन गावात शाळेत घातलं ना, तेवढं सांगा कुणीतरी.

सातपुड्याची_लेक

माई पाया पडते. हे वाचून मी बसमध्ये रडले, नंदुरबार स्टँड कधी आलं कळलं नाही.

पण बाकीच्या दादांनी माईंच्या गोष्टीआड लपू नका. माई सांगतात ते तिच्या बाजूचं कारण आहे, तुम्ही तिचं शिक्षण वाचावं म्हणून गप्प बसला होतात का? भुसावळवाल्या दादांना फास्ट बॉलरची भीती होती, असं त्यांनीच लिहिलंय. पीजेवाल्यांनी तर कारण पण दिलं नाही.

मला पिक्चर आवडतो, राष्ट्रीय पुरस्कारात त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी ठरला तोही बरोबरच. कॅमेरा दिएगो रोमेरो नावाच्या स्पॅनिश माणसाने केलाय आणि काय सुंदर ऊन दाखवलंय. पण तो कॅमेरा सगळा वेळ जोशीच्या बाजूने बघतो. शिरोडकर गेली हे आपल्याला जोशीला कळतं तेव्हाच कळतं. तिने सामान कसं बांधलं, तिला कधी सांगितलं, तिने जाताना कुणाकडे निरोप ठेवायचा विचार केला का, काही नाही. केतकी माटेगावकरने त्या डोळ्यांनी जेवढं केलं तेवढंच आपल्याकडे आहे. म्हणजे मुलगी गेली आणि मुलगा मोठा झाला. असे पिक्चर किती बघितले आपण. मुलीचं मोठं होणं कुठल्या गावाला होतं काय माहीत, दोंडाईच्याला बहुतेक.

रावेरवाले काका, तुमची लेक जोशीवर चिडली ते मला फार आवडलं. तिला उत्तर द्यायची घाई करू नका.

भुसावळ_जंक्शन

ताई मान्य. फास्ट बॉलरचीच भीती. यॉर्कर पायावर टाकायचा तो.

बाप्पू_धुळेकर

माई, हिरवी शाई म्हणजे वर्गातला श्रीमंत घरचा असणार. आमच्याकडे एक निळी दौत तीन भावांत.

माई_अमळनेर

हा विचार पन्नास वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. आता रात्रभर पोरं आठवत बसेन, कुणाचं दुकान होतं, कुणाची जिनिंग होती.

केळीवाला_रावेर

मंडळी, काल जेवताना सगळे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. माईंचं वाचलं तेव्हा घास हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली ठीक आहे, जोशीला सोडलं. भुसावळच्या कूलरला हसली. पण पीजेवाल्या काकांना एक प्रश्न आहे तिचा, तिचेच शब्द लिहितो, "त्यांना पत्ता माहीत होता, गाव शेजारचं, मग ती नंतर कधीच दिसली नाही असं कसं होईल? त्यांनी अर्धंच सांगितलंय."

पीजे_पॅसेंजर

पोरगी वकील होणार तुमची.

दिसली होती. सात-आठ वर्षांपूर्वी, पहूरच्या बाजारात, रविवारी. मेथीच्या जुडीवरून भाव करत होती, बरोबर तिच्याएवढीच उंच झालेली मुलगी. मी गाडी स्टँडला लावून दोन ढिगांपलीकडे उभा. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, बघितलं म्हणजे कुणीही बघतं तसं. एप्रिलचं ऊन होतं, तोंडाला रुमाल बांधलेला होता माझ्या. तो मी सोडला नाही.

मेथी मात्र तिने घेतली त्याच भावात घेतली, पाच रुपये कमी नाही केले त्या माणसाने.